ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढतो तेवढीच ट्रॉली ट्रॅक्टरला ओढते, मग ऊस कारखान्यावर पोचतो कसा?

उद्यमनगरी_टर्नर

मंडळी, विषय नववीच्या अभ्यासाचा आहे, पण अडकलोय मी.

रविवारी गारगोटीहून कोल्हापूरला परत येत होतो, गाडीवर मागं मुलगी. सीझन सुरू आहे, त्यामुळं पुढं दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर. ओव्हरटेकला जागा नाही, कांड्या रस्त्यावर पडायलेल्या, आणि आम्ही त्याच्या मागं रांगतोय. तिच्या वर्गात नुकताच 'गतीचे नियम' झालाय. मागनं आवाज आला, "पप्पा, ट्रॅक्टर ट्रॉलीला जेवढं पुढं ओढतो तेवढंच ट्रॉली ट्रॅक्टरला मागं ओढते ना? तिसरा नियम. मग दोन्ही बलं कापून जात नाहीत का?"

मी म्हटलं, अगं ट्रॅक्टरला इंजिन आहे, त्याचं बल जास्त.

"मग समान नाहीत ना? मग न्यूटन चुकला का?"

वीस वर्षं लेथवर काढलीत मी. हातात जॉब घेतला की किती कट लागेल ते सांगतो. पण मुदाळ तिट्ट्यावर चहा संपेपर्यंत मला उत्तर सापडलं नाही. क्लासच्या सरांनी "परीक्षेला एवढं येत नाही" म्हणून विषय मिटवला. तिला ते पटलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलापण नाही.

कुणी पोरीला पटेल असं सांगेल का? आकडेमोड चालेल, घाबरत नाही.

पांढरा_रस्सा

मी पहिला! उत्तर माहीत नाही, पण बसून घेतो. चहा सांगा कुणीतरी.

सडेतोड_४१६

सोपं आहे. क्रिया आधी होते, प्रतिक्रिया नंतर. ट्रॅक्टरनं हिसका दिला की ट्रॉली हलते, आणि ट्रॉलीची प्रतिक्रिया यायच्या आत ट्रॅक्टर पुढं सरकलेला असतो. शिवाय इंजिनाची ताकद जास्त असतेच. पोरांना उगाच गोंधळात टाकू नका.

फळा_आणि_खडू

सडेतोड, रागावू नका, पण तुमचं हे उत्तर मी दर वर्षी पेपरांत लाल पेननं खोडते. (मी विज्ञान शिकवते, आठवी ते दहावी.)

चूक तुमची एकट्याची नाही. 'क्रिया' आणि 'प्रतिक्रिया' हे शब्दच फसवे आहेत. ऐकलं की वाटतं, एकानं आधी मारलं आणि दुसऱ्यानं मग उलटवलं. तसं आधी-नंतर काही नसतं. ओढाताण एकच, तिची टोकं दोन. टाळी वाजवताना आधी कुठला हात वाजला, असं आपण विचारतो का?

गंमत म्हणजे न्यूटननं १६८७ च्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात तिसऱ्या नियमाखाली जे उदाहरण दिलंय ते तुमच्या ट्रॅक्टरचंच. फक्त त्याच्याकडं घोडा होता आणि दोरानं बांधलेला दगड. घोडा दगडाला ओढतो तेवढाच दगडही घोड्याला मागं ओढतो, असं तो स्वतः लिहितो. त्यामुळं लेकीला सांगा, तुझी शंका ३०० वर्षांहून जुनी आहे आणि अगदी रास्त आहे.

आता 'कापून जाणं'. मी टर्नरदादांना ५०० रुपये दिले. माझ्या पासबुकात ५०० वजा, त्यांच्या पासबुकात ५०० जमा. दोन्ही आकडे समान आणि उलटे. म्हणून "काही घडलंच नाही" असं म्हणता येईल का? बेरीज-वजाबाकी करायची ती एका पासबुकात. ट्रॅक्टरचं पासबुक वेगळं, ट्रॉलीचं वेगळं.

सोयीसाठी आकडे मी घेते, आणि ट्रॉली एकच धरते. ट्रॅक्टर २००० किलो, उसासकट ट्रॉली ८००० किलो. दोन्ही दर सेकंदाला ०.२ मीटर प्रति सेकंद इतका वेग वाढवत निघालेत.

ट्रॉलीचं पासबुक: हुकातून पुढं ओढ ३६०० न्यूटन जमा. चाकं-रस्ता-बेअरिंग यांचा विरोध २००० न्यूटन वजा. शिल्लक १६००. वस्तुमान गुणिले त्वरण, ८००० × ०.२, तेही १६००. जुळलं.

ट्रॅक्टरचं पासबुक: ट्रॉली मागं ओढते ते ३६०० वजा (तेच ३६००, एक न्यूटन कमी नाही की जास्त नाही). स्वतःचा विरोध ५०० वजा. रस्ता पुढं ढकलतो ते ४५०० जमा. शिल्लक ४००. आणि २००० × ०.२ पण ४००.

तिसरा नियम जागच्या जागी आहे, ऊसही कारखान्यावर पोचला.

उद्यमनगरी_टर्नर

बाई, दंडवत. पासबुक लगेच पटलं तिला. पण एका ओळीवर गाडी परत अडली. "रस्ता पुढं ढकलतो" म्हणजे काय? रस्ता तर पडून आहे!

फळा_आणि_खडू

तिथंच तर सगळी मेख आहे. इंजिन ट्रॅक्टरला पुढं ढकलत नाही, ते फक्त चाक फिरवतं. चाकाचा जमिनीला टेकलेला भाग रस्त्याला मागं रेटतो आणि रस्ता चाकाला तेवढंच पुढं रेटतो. हे रेटणं घर्षणाचं. "घर्षण गतीला विरोध करते" हे वाक्य पोरं घोकतात आणि तिथंच फसतात. घर्षण घसरण्याला विरोध करतं. चाक मागं घसरायला बघतं, म्हणून घर्षण त्याला पुढं ढकलतं. आपण चालतो तेही त्याच्याच जिवावर.

उसाची_कांडी

बाईंचं बरोबर हाय. आमच्या रानात येऊन बघा. पाऊस पडून गेल्यावर ऊस भरून ट्रॉली भायेर काढायची म्हंजे काय असतंय ते. इंजिन तेच, डायवर त्योच, ट्रॉली तीच. मोठं चाक नुसतं जाग्यावर फिरतंय, चिखल उडवतंय आणि खड्डा करून आत बसतंय. इंजिनात ताकद हाय की! पण माती मागं रेटून घेत न्हाई, मग ती पुढं तरी कशाला रेटंल? मग आम्ही चाकाखाली पाचट कोंबतो, न्हाईतर दगड. धरलं की निघालं भायेर.

हे न्यूटनसायबाला म्हाईत हुतं का न्हाई म्हाईत न्हाई, पण आमच्या आज्याला म्हाईत हुतं.

तालमीतला

कांडी भावा, खटक्यावर बोट!

आमच्यात वस्ताद पहिल्या महिन्यात डाव शिकवतच नाहीत, पाय रोवायला शिकवतात. समोरच्याला ढकलायची ताकद दंडातून येते असं पोरांना वाटतं. दंड फक्त पोचवतो, येते ती मातीतून. तुम्ही माती मागं दाबता, माती तुम्हाला पुढं. म्हणून पट काढतात. एक पाय हवेत गेला की गडी कितीही तयारीचा असू दे, त्याला रेटा द्यायला काही उरत नाही. दोन्ही पाय उचलले तर संपलंच, शंभर किलोचा पैलवान म्हणजे शंभर किलोचं पोतं.

कुस्तीत माती उचलून अंगाला लावतात ते पण हेच. घामानं अंग निसरडं होतं, पकड सुटते. बघणाऱ्याला वाटतं नमस्कार चाललाय. खासबागेत जाऊन एकदा नीट बघा.

सडेतोड_४१६

हे सगळं ठीक. पण मग रस्सीखेच घ्या. जो जिंकतो तो जास्त ओढतो म्हणूनच जिंकतो ना? तिथं तरी दोन्ही बाजू समान कशा असतील? समान असतील तर बरोबरी व्हायला पाहिजे. एक मिसळ पैज.

फळा_आणि_खडू

मिसळ घेतली. दोर हलका असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना ताण जवळजवळ सारखाच असतो, हरणाऱ्याच्या हातात आणि जिंकणाऱ्याच्या हातातसुद्धा. रस्सीखेच जिंकायची ती पायांनी. टर्नरदादा, दोन ताणकाटे मिळतील का कुठं? दोराच्या मध्ये एकामागं एक अडकवा आणि ओढा.

उद्यमनगरी_टर्नर

ऐका आता. काल संध्याकाळी केलं.

गल्लीत भंगारवाला येतो, त्याच्याकडं हुकाचा ५० किलोचा काटा असतो. एक त्याचा, एक त्याच्या भावाचा, दोन्ही रात्रीपुरते मागून आणले. बैलाचा जुना कासरा घरात होता. मधे दोन काटे एकमेकांत अडकवले. हॉलमध्ये गुळगुळीत फरशी. मी ८२ किलो, ती ४६ किलो. बायको पंच.

पहिली फेरी, दोघंही अनवाणी. मी जिंकलो. मिशीला पीळ दिला.

दुसरी फेरी. पोरगी म्हणाली, थांबा. तिनं शाळेचे पीटीचे बूट घातले आणि मला पायमोजे घालायला लावले. "पप्पा, तुमची ताकद तेवढीच आहे ना? मग घाबरता कशाला?" काटे २० च्या आसपास गेले आणि मी सरळ फरशीवरनं तिच्याकडं सरकत गेलो. दंड फुगवलेले, दात खाल्लेले, आणि पाय घसरतायत. बायकोनं व्हिडिओ काढलाय, तो इथं टाकणार नाही.

काटे: एक २०, दुसरा साडेएकोणीस. दोन्ही फेऱ्यांत अर्ध्या किलोचा फरक तसाच राहिला, जिंकणारा कुणीही असू दे.

फळा_आणि_खडू

वा! दादा, आज मला शाळेत सांगायला गोष्ट मिळाली.

हिशोबही बसतो बघा. २० किलो म्हणजे सुमारे १९६ न्यूटन. पायमोजे आणि फरशी यांचा घर्षणगुणांक (म्हणजे पकड वजनाच्या किती पट) ०.२५ धरला तर तुमची पायांची कमाल पकड ८२ × ९.८ × ०.२५, म्हणजे सुमारे २०० न्यूटन. तिच्या रबरी तळव्याचा ०.६ धरला तर ४६ × ९.८ × ०.६, सुमारे २७० न्यूटन. तिची पकड अजून शिल्लक होती, तुमची संपली होती.

फौंड्रीत_भाजलेला

अर्ध्या किलोचा फरक न्यूटनचा नाही, काट्याचा. ताणकाटा उभा लटकवून वापरायचा असतो. आडवा धरला की हुकाचं स्वतःचं वजन स्प्रिंगवरनं उतरतं आणि शून्य सरकतं. दोन काट्यांचे हुक वेगळे, सरकणंही वेगळं. आणि भंगारवाल्याचा काटा म्हटल्यावर अर्धा किलो ही तर सज्जनपणाची हद्द.

सडेतोड_४१६

मिसळ मान्य. फडतरेंच्या रांगेत उभं राहायची तयारी ठेवा, पण कट मात्र मी माझाच मारणार.

एक मात्र बोलतो. शाळेत हे असं शिकवलं असतं तर मी कॉमर्सला गेलो नसतो.

सध्या_मुक्काम_पुणे

धागा छान रंगलाय, त्यात माझी एक जिलबी. माझ्या मुलाच्या सहावीच्या पुस्तकात बलाचे प्रकार दिलेत: स्नायू, यांत्रिक, गुरुत्वीय, चुंबकीय, घर्षण, स्थितिक विद्युत. भाची अकरावीला आहे, तिच्याकडं मूलभूत बलं चारच. गुरुत्वीय, विद्युतचुंबकीय, आणि केंद्रकातली दोन, प्रबळ आणि क्षीण. इयत्ता वाढली की बलं कमी होतात का? आणि त्या चारांत घर्षण गेलं कुठं?

सागरमाळावरून

हा माझा विषय, म्हणून जरा लांब लिहितो.

सहावीची यादी म्हणजे बाजारातल्या पिशव्या: भाजी, फळं, कडधान्य. चारांची यादी म्हणजे ते सगळं ज्या शेतातनं आलं ते शेत. सहावीच्या यादीतला गुरुत्वीय सोडला तर बाकी सगळे प्रकार एकाच शेतातले, विद्युतचुंबकीय. घर्षण म्हणजे टायरच्या आणि डांबराच्या रेणूंची एकमेकांशी चाललेली विद्युत ओढाताण. स्नायू आखडतो तो प्रथिनांच्या रेणूंमधल्या विद्युत बलांनी. कासऱ्यातला ताण, काट्याची स्प्रिंग, पैलवानाची पकड, रंकाळ्याच्या कठड्यावर बसल्यावर दगड तुम्हाला वर धरतो ते, सगळं तेच. टर्नरदादांचं टूल बिटाचं टोक लोखंड सोलतं तेही अणूंचे विद्युत बंध तोडूनच.

त्या मानानं गुरुत्व किती दुबळं आहे ते लोकांना खरं वाटत नाही. शंभर-शंभर किलोचे दोन पैलवान एकमेकांपासून एक मीटरवर उभे केले, तर त्यांच्यातलं गुरुत्वीय आकर्षण ०.००००००६६७ न्यूटन, म्हणजे ६.६७ × १०⁻⁷ न्यूटन. बारीक वाळूच्या एक-दोन कणांचं वजन असतं तेवढं. आपल्याला गुरुत्व जाणवतं ते केवळ पृथ्वी अगडबंब आहे म्हणून. तरीही केसांवर घासलेला एक कंगवा कागदाचा कपटा उचलतो. एका बाजूला अख्खी पृथ्वी, दुसऱ्या बाजूला कंगवा, आणि जिंकतो कंगवा.

फळा_आणि_खडू

अवांतर: हा कंगव्याचा प्रयोग कोल्हापुरात जुलैत करू नका. मी नवीन असताना केला होता. पाऊस धो धो, वर्गात कुबट ओल, मी घासतेय घासतेय आणि कपटे ढिम्म हलत नाहीत. मागच्या बाकावरून "बाई, तेल लावलंय का केसांना?" हवेत दमटपणा असला की पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार त्यातून पळून जातो. आता जानेवारीतच करते, सकाळच्या तासाला.

शंकासूर

सागरमाळ, एक खुसपट. दगड आपल्याला वर धरतो ते नुसत्या विद्युत प्रतिकर्षणानं नाही. इलेक्ट्रॉन एका अवस्थेत दोन बसत नाहीत हा पाउलीचा नियम त्यात मोठा भाग आहे, आणि तो काही 'बल' नव्हे. डायसन आणि लेनार्ड यांनी १९६७ मध्ये गणितानं दाखवलं की त्या नियमाशिवाय पदार्थ असा घट्ट टिकलाच नसता.

सागरमाळावरून

मान्य, शंभर टक्के. नववीच्या मुलीसाठी लिहीत होतो म्हणून ते गाळलं. चार बलांत पाचवं म्हणून ते येत नाही, एवढं तिनं लक्षात ठेवलं तरी बास.

उरलेली दोन. केंद्रकात प्रोटॉन दाटीवाटीनं बसलेत, सगळे धन प्रभाराचे, म्हणजे एकमेकांना ढकलणारच. किती? दोन प्रोटॉन एक फेम्टोमीटरवर, म्हणजे मीटरच्या १०⁻¹⁵ पटीवर ठेवा. दोन प्रभारांमधलं बल सांगणारा कूलोमचा नियम लावला की उत्तर येतं सुमारे २३० न्यूटन.

टर्नरदादा, परवा तुमच्या कासऱ्यात १९६ होतं. बाप-लेकीनं फरशीवर सगळा जोर लावून जेवढं ओढलं, त्याहून जास्त रेटा फक्त दोन प्रोटॉनांमध्ये आहे. आणि तरी केंद्रक फुटत नाही, कारण प्रबळ बल त्यांना त्याहून घट्ट धरून ठेवतं. पण त्याचा पल्ला तेवढाच, जरा बाहेर गेलं की ते संपलं. म्हणून ते आपल्याला रोजच्या व्यवहारात कुठं दिसत नाही.

पांढरा_रस्सा

आणि क्षीण बल? नावावरनंच बिचारं वाटतंय.

सागरमाळावरून

नावावर जाऊ नका. दर वर्षी नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेर-फेब्रुवारीत अंबाबाईच्या किरणोत्सवाला गर्दी होते ना? मावळतीचा किरण महाद्वारातून आत येऊन देवीच्या पायांवरून वर चढतो. तो उजेड सूर्यापासून निघून सुमारे ८ मिनिटं २० सेकंदांनी पोचलेला असतो. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचं हेलियम होतं, त्यातली पहिली पायरी म्हणजे दोन प्रोटॉन भेटायचे आणि त्यातल्या एकाचा न्यूट्रॉन व्हायचा. हा बदल घडवायचं काम क्षीण बलाकडं. ते इतकं हळू चालतं की एखाद्या प्रोटॉनची पाळी यायला सरासरी काही अब्ज वर्षं लागतात. या सुस्तीमुळंच सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षं जळतोय आणि अजून शिल्लक आहे.

(आणि विद्युतचुंबकीय नि क्षीण ही दोन्ही खोलवर एकच आहेत हे मांडणाऱ्या ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग यांना १९७९ चं नोबेल मिळालं. सध्या_मुक्काम_पुणे, म्हणजे हो, इयत्ता वाढली की बलं कमी होत जातात!)

उसाची_कांडी

किरणोत्सवाचं हे म्हाईत नव्हतं. लई भारी.

उद्यमनगरी_टर्नर

सगळ्यांचे आभार. धागा मुलीनं वरपासून खालपर्यंत वाचला. तालमीतल्यांचा प्रतिसाद दोनदा. आता ती जेवताना ताट सरकवते आणि विचारते, "ताट मला किती ढकलतंय सांगा."

बाई, एक नवीन आलंय. पुस्तक टेबलावर ठेवलंय, त्याचं वजन खाली आणि टेबलाचा रेटा वर. ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी का? मी हो म्हणालो. ती म्हणाली, दोन्ही एकाच पासबुकात आहेत, मग जोडी कशी?

फळा_आणि_खडू

तिला माझ्याकडून शाबासकी द्या. दहावीची निम्मी पोरं इथं मार्क घालवतात. पुस्तकाच्या वजनाची जोडी टेबलाशी नाहीच. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते, त्याची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर ओढतं.

उद्यमनगरी_टर्नर

तेही तिनं ओळखलं. लगेच पलंगावरनं खाली उडी मारली आणि विचारलं, "म्हणजे आता पृथ्वी माझ्याकडं वर आली का?"

सागरमाळावरून

आली. तिचं वस्तुमान ४६ किलो, पृथ्वीचं ६ × १०²⁴ किलो. पलंग अर्धा मीटर उंच धरला तर पृथ्वी सुमारे ४ × १०⁻²⁴ मीटर वर आली. प्रोटॉनच्या आकाराचा अब्जावा भाग म्हणजे किती, त्याच्या दोन-तीन पट. पण आली.

उद्यमनगरी_टर्नर

सांगितलं. परत उड्या सुरू झाल्यात, खालचे भाडेकरू वर येऊन गेले.

काटे आज भंगारवाल्याला परत द्यायचे होते, पण ती म्हणतेय अजून एक फेरी बाकी आहे. या वेळी मी बूट घालणार, ती पायमोजे. फरशीवर पाणी मारायचं की नाही यावर वाद चाललाय.